मध्य ओरेगनमधले थंडरएग आणि प्लूम अगेट : खणायच्या सहलीचा दिवसागणिक वृत्तांत

पहिला दिवस : पोर्टलंड ते प्राइनव्हिल

थंडरएग म्हणजे बाहेरून खडबडीत आणि पोटात बहुधा अकीक (अगेट) किंवा तसाच दगड भरलेला खडकाचा गोळा. प्लूम अगेट म्हणजे पिसांसारखी नक्षी असलेला अकीक. पोर्टलंडहून हायवे २६ धरला की गाडी माउंट हूडच्या बाजूने डोंगर ओलांडते. पलीकडे उतरेपर्यंत दाट जंगल संपतं आणि सेजब्रशच्या झुडपांचं करडं माळरान लागतं. वॉर्म स्प्रिंग्ज, मग मद्रास, आणि तिथून आग्नेयेला प्राइनव्हिल. न थांबता तीन तासांचा रस्ता आहे. हिल्सबरो-बीव्हर्टनकडच्या मराठी मंडळींना सकाळी निघून दुपारच्या जेवणाला सहज पोचता येतं. जून ते ऑक्टोबर हा काळ योग्य. त्याआधी प्राइनव्हिलजवळच्या ओचोकोच्या जंगलात बर्फ किंवा चिखल असतो, आणि ऑगस्टमध्ये वणव्यांमुळे रस्ते बंद होऊ शकतात. निघण्याआधी दोन्हींची चौकशी करायची.

वॉर्म स्प्रिंग्जचा सगळा टापू तिथल्या आदिवासी राष्ट्रांच्या मालकीचा आहे. तिथे रस्त्याकडेचा खडासुद्धा उचलायचा नाही. थंडरएग हे नाव ज्या कथेतून आलं असं सांगतात ती याच भागातली : माउंट हूड आणि माउंट जेफरसनवरचे गडगडाटाचे आत्मे भांडताना थंडरबर्ड नावाच्या कथेतल्या पक्ष्यांच्या घरट्यांतली अंडी पळवून एकमेकांवर फेकत. १९६५ साली ओरेगनने थंडरएगला राज्याचा खडक म्हणून मान्यता दिली.

खणण्याआधी हा दगड बनतो कसा ते समजून घ्यावं, कारण कुठे खणायचं ते त्यावरच ठरतं. आपल्याकडे दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या वायूच्या पोकळ्यांत अकीक आणि झिओलाइट भरलेले सापडतात. जळगाव, अजिंठा, पुण्याच्या खाणींतला माल पाहिलेल्यांना ते ठाऊक आहे. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयातही तो भरपूर आहे. थंडरएग मात्र बेसाल्टमध्ये होत नाही. त्याला सिलिका जास्त असलेला रायोलाइट हा ज्वालामुखीचा खडक लागतो, म्हणजे काचेसारखा पर्लाइट किंवा उष्णतेने चिकटून घट्ट झालेला राखेचा थर. अशा थरात एका बिंदूभोवती बारीक स्फटिक वाढत जाऊन गोळा तयार होतो. आत कोंडलेला वायू गोळ्याच्या पोटाला चिरा पाडतो, म्हणून पोकळी चांदणीच्या आकाराची होते. पुढे भूजलातली सिलिका पाझरून ती पोकळी भरते. कुठे अकीक, कुठे जास्पर (अपारदर्शक रंगीत दगड), कुठे ओपल, कुठे क्वार्ट्झचे स्फटिक. सिलिका भरत असताना लोह आणि मँगनीजची ऑक्साइडं तिच्यात पिसांसारखी किंवा शेवाळासारखी फुलली, तर तो प्लूम अगेट. काळा रंग मँगनीजचा. लाल, पिवळा, तपकिरी लोहाचा.

यातून दोन गोष्टी निघतात. एक, थंडरएग डोंगरभर विखुरलेले नसतात. ते ठरावीक थरात असतात, त्या थराच्या वर किंवा खाली कितीही खणलं तरी हाती काही येत नाही. दुसरी, पोकळी भरली तेव्हा गोळा आधीच थरात घट्ट बसलेला होता. त्यामुळे आतल्या भरावाला वरची आणि खालची बाजू असते. गोळा उपटून बादलीत टाकला की ती खूण कायमची गेली. या सहलीत पहारीइतकाच पेंट मार्कर महत्त्वाचा आहे तो यासाठी.

संध्याकाळी प्राइनव्हिलमध्ये दोन कामं. पहिलं, वनखात्याच्या कार्यालयातून ओचोको जंगलाचा नकाशा आणि त्या वर्षीचे नियम घ्यायचे. दुसरं, जमिनीची मालकी तपासायची. इथली जमीन चार प्रकारची : वनखात्याची, बीएलएमची (केंद्र सरकारच्या भूमी व्यवस्थापन खात्याची), खाजगी रँचची, आणि सरकारी जमिनीवर कुणीतरी खाणीचा क्लेम, म्हणजे खनिजावरचा हक्क, लावलेली. शेवटचा प्रकार फसवा, कारण तिथे कुंपण नसतं. कोपऱ्यांवर खांब किंवा दगडांचे ढीग असतात, तेही कधी पडलेले. क्लेम असेल तर तिथलं खनिज क्लेमधारकाचं, त्याच्या परवानगीशिवाय खणणं म्हणजे चोरी. बीएलएमच्या ऑनलाइन नोंदींमध्ये टाउनशिप, रेंज आणि सेक्शन हे जमीन-मोजणीचे क्रमांक टाकून हे तपासता येतं. तपासून त्याची प्रत मोबाइलमध्ये उतरवून ठेवावी, कारण खणायच्या जागी बहुधा नेटवर्क नसतं.

सामान दोन माणसांना पुरेल असं : एक टिकाव, एक फावडं, दीड मीटरची पहार, ४५ सेंटिमीटरची चपट्या टोकाची छोटी पहार, दीड किलोचा हातोडा, दोन छिन्न्या, अर्ध्या इंचाच्या जाळीची चाळण, प्लास्टिकच्या चार बादल्या, पाण्याचा फवारा, ताठ केसांचा ब्रश, पेंट मार्कर, जुनी वर्तमानपत्रं. अंगावर गॉगल, चामड्याचे हातमोजे, गुडघ्यांना पॅड, जाड तळाचे बूट आणि राखेच्या धुळीसाठी एन९५ मास्क. पिण्याचं पाणी माणशी किमान ४ लिटर, फवाऱ्याचं वेगळं. पेट्रोल प्राइनव्हिलमध्येच भरून घ्यायचं.

दुसरा दिवस : व्हाइट फर स्प्रिंग

प्राइनव्हिलहून हायवे २६ ने पूर्वेला जाऊन ३३५० क्रमांकाच्या वनरस्त्याला वळायचं. कोरड्या दिवसांत साधी गाडी चालते, पण तिचं पोट जमिनीपासून उंच असलेलं बरं. ही जागा वनखात्याने हौशी लोकांना खुली ठेवली आहे. फक्त हाताची अवजारं, यंत्र नाही, विक्रीसाठी माल न्यायचा नाही, आणि निघताना खड्डा बुजवायचा. इथल्या थंडरएगमध्ये बहुतेक जास्पर असतं, पिवळसर, तपकिरी, लालसर. प्लूमच्या अपेक्षेने इथे येऊ नये. हात बसवायला मात्र याहून चांगली जागा नाही, कारण मूळ खडक कुजून बऱ्याच ठिकाणी चिकणमातीसारखा झाला आहे आणि गोळे तुलनेने सहज सुटतात.

जंगलात शिरलं की जुन्या खड्ड्यांनी भरलेला उतार दिसतो. नवा खड्डा सुरू करण्याआधी अर्धा तास या खड्ड्यांच्या भिंती आणि कडेचे ढीग बघण्यात घालवावा. ढिगात फुटलेल्या कवचांचे तुकडे असतील, तर थर जवळ आहे. तुकड्यांवर पाणी फवारलं की आतला माल कळतो. नुसती माती आणि बारीक खडी असेल, तर आधीच्या माणसाला तिथे काही मिळालं नाही असं समजून पुढे जायचं. झाडाच्या मुळांखाली खणायचं नाही. मुळं तुटून झाड मरतं, आणि मुळं सुटलेलं झाड खाली बसलेल्या माणसावरही पडू शकतं. अशा पोखरलेल्या झाडांखाली बसूसुद्धा नये.

जागा ठरली की वरची माती थेट उतारावर मागे, निदान दोन मीटर लांब टाकायची. नवखे लोक ती खड्ड्याच्या काठावर रचतात, आणि तासाभराने तीच माती खाली घसरते किंवा पुन्हा हलवावी लागते. खड्डा कमरेपेक्षा खोल नेऊ नये. भिंत उभी न ठेवता मागे कलती ठेवावी. थर सापडल्यावर त्याच्या मागे आडवं भुयार पाडण्याचा मोह होतो, कारण वरची माती काढायचे कष्ट वाचतात. हे कधीही करू नये. कुजलेली राख आणि चिकणमाती आधी सूचना देऊन पडत नाही, एकदम बसते, आणि गुडघ्यांवर बसलेल्या माणसाच्या छातीवर आलेलं ओझं एकट्या सोबत्याला वेळेत काढता येत नाही.

गोळा ओळखायचा तो पृष्ठभागावरून. सुकलेल्या सीताफळासारखी खडबडीत, गाठीगाठींची साल, तपकिरी किंवा करडी, आणि बऱ्याचदा अंगावर एकदोन उठावदार कंगोरे. आकार लिंबापासून नारळापर्यंत. नुसता गुळगुळीत गोल धोंडा असेल तर तो बहुधा थंडरएग नाही. वजनाची परीक्षा सगळे सांगतात, पण ती अर्धीच खरी आहे. आत पोकळ असेल तर गोळा हलका लागतो, इतपत ठीक. पण आत नुसता रायोलाइटच असलेला निरुपयोगी गोळा आणि अकीक भरलेला गोळा यांच्या वजनातला फरक हाताला कळण्याइतका नसतो. उलट ओपल अकीकपेक्षा हलकं (घनता साधारण २.१, अकीकची २.६), म्हणून हलका गोळा फेकणारा माणूस कधीकधी चांगलं ओपल फेकतो.

आणि हातोड्याने गोळा फोडून बघायचा नाही. अकीक कठीण असला तरी ठिसूळ आहे. एका घावाने आत चंद्रकोरीच्या आकाराच्या बारीक चिरा पडतात आणि त्या पॉलिशनंतरच दिसतात. शंका असेल त्या गोळ्यांसाठी वेगळी बादली ठेवावी, निकाल करवतीवर लागेल.

तिसरा दिवस : मद्रासच्या उत्तरेला, प्लूमच्या थरात

हाच सहलीचा मुख्य दिवस. मद्रासच्या उत्तरेकडच्या माळावर पूर्वीच्या प्रायडे रँचचा टापू आहे. इथले थंडरएग जॉन डे फॉर्मेशन या खडकांच्या थरसमूहाच्या रायोलाइटी थरांतले, आणि इथल्या प्लूमने गेल्या शतकाच्या पूर्वार्धापासून अमेरिकेतल्या दगड कापणाऱ्यांना वेड लावलं आहे. स्वच्छ अकीकात उभे राहिलेले लाल, पिवळे, काळे पिसारे. त्या तोडीचा प्लूम थंडरएगच्या पोटात दुसरीकडे फारच कमी पाहायला मिळतो. जमीन खाजगी आहे. पैसे भरून खणायला मिळेल की नाही, कुठला थर उघडा आहे, हे दर हंगामात बदलतं. फोनवर खात्री केल्याशिवाय फाटकापर्यंतही जाऊ नये. अशा ठिकाणी पैसे सहसा वजनावर असतात, म्हणून तोलण्याआधी गोळ्यांवरची माती ब्रशने पूर्ण काढायची. ओली चिकणमाती बादलीमागे दोनतीन किलो सहज वाढवते.

इथली जमीन व्हाइट फरपेक्षा कडक आहे. काही ठिकाणी पर्लाइट भुसभुशीत होऊन हाताने चुरता येतो, काही ठिकाणी छिन्नीला दाद देत नाही. सुरुवात भुसभुशीत जागी करावी.

पांढुरक्या भिंतीतून मुठीएवढा गोळा अर्धा बाहेर आलेला आहे असं समजा. पहिला हात पहारीला नाही, ब्रशला. दिसणारी बाजू कोरडी पुसायची, कारण मार्कर ओल्या मातीवर उठत नाही. मग गोळ्याच्या दिसणाऱ्या बाजूवर, तो भिंतीत आहे त्याच स्थितीत, वर टोक असलेला उभा बाण काढायचा, आणि बाणाशेजारी जागेचा क्रमांक. शाई वाळायला मिनिटभर द्यायचं. नंतर छोटी पहार गोळ्यापासून चार बोटं लांब, खडकात घुसवायची आणि चारही बाजूंनी खडक सैल करत आणायचा. पहारीचं टोक गोळ्याला टेकवून उचकटलं तर साल तर निघतेच, पण चांदणीच्या टोकांशी कवच पातळ असल्याने गोळा तिथेच उकलतो. सगळीकडून सैल झाला की तो हाताने फिरवून काढावा, वर्तमानपत्रात गुंडाळावा, बादलीत ठेवावा. टाकू नये.

बाणाचा उपयोग असा. काही गोळ्यांत सिलिका आडव्या थरांनी बसलेली असते. हे थर पाण्याच्या पातळीसारखे सपाट बसले, म्हणजे बाणाशी काटकोनात येतात. प्लूम बऱ्याचदा कवचाच्या भिंतीपासून आतल्या दिशेने वाढलेला असतो, आणि काही ठिकाणी तळातून वर उठलेला. एका जागेतला एक गोळा कापून बाणाच्या संदर्भात प्लूमची दिशा पाहिली की त्याच जागेतल्या बाकीच्यांत ती बहुधा जुळते. प्लूमच्या वाढीच्या दिशेत काप गेला तर देठापासून टोकापर्यंत पिसारा दिसतो. आडवा गेला तर त्याच पिसाऱ्याचे नुसते ठिपके. चांगला प्लूम अगेट सर्वांत जास्त वाया जातो तो इथेच, आणि त्याची सुरुवात खड्ड्यात न काढलेल्या बाणापासून होते.

दुपारी ऊन वाढलं की खणणं थांबवून जुने ढीग चाळावेत. मोठे गोळे शोधणाऱ्यांनी टाकलेले लिंबाएवढे दाणे आणि फुटलेले तुकडे अर्ध्या इंचाच्या चाळणीवर राहतात. तुकडा ओला करून सूर्यासमोर धरला की प्लूम लगेच ओळखू येतो. पेंडंटसाठी बोटभर तुकडा पुरतो, म्हणून हे काम कमी समजू नये. उन्हात तापलेल्या दगडांखाली बोटं घालण्याआधी काठीने दगड पालथा करायचा. या भागात रॅटलस्नेक आहेत.

चौथा दिवस : पूर्वेकडे

सकाळी माल धुऊन तीन ढीग करावेत. बाण असलेले चांगले गोळे, शंकास्पद, आणि ओपल वाटणारे. ओपलमध्ये पाणी असतं. ते उन्हात किंवा बंद गाडीत झपाट्याने वाळलं की पृष्ठभागावर जाळीदार तडे पडतात. हे गोळे ओल्या कागदात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावेत आणि घरी काही आठवडे हळूहळू वाळू द्यावेत.

त्यानंतर दिवसभर गाडी. हायवे २६ ने जॉन डे गाव, तिथून वेल. पाच तास धरून चालावं. वाटेत जॉन डे फॉसिल बेड्स हे राष्ट्रीय स्मारक लागतं. तिथे काहीही उचलायला बंदी आहे, पण थॉमस काँडन केंद्रात तासभर घालवावा. ज्या थरांत काल खणलं त्याच जॉन डे फॉर्मेशनमध्ये सापडलेले प्राण्यांचे आणि वनस्पतींचे जीवाश्म तिथे मांडलेले आहेत. वेल ज्या मॅलहूर काउंटीत आहे तिचा बहुतेक भाग माउंटन टाइमवर चालतो, म्हणून घड्याळ एक तास पुढे करायचं. हॉटेल आणि दुकानांच्या वेळा यामुळे चुकतात.

पाचवा दिवस : सकर क्रीक आणि ग्रेव्हयार्ड पॉइंट

सकर क्रीकचा कच्चा रस्ता कोरडा असेल तरच घ्यावा. पावसात तिथली राखेची माती चाकांना अशी चिकटते की फोर-व्हील गाडीही आडवी होते. इथले थंडरएग खडकात पक्के रुतलेले असतात, छिन्नी आणि घणाचं काम आहे. स्टेट पार्कच्या हद्दीत खणू नये. बाहेरच्या बीएलएम जमिनीवर, क्लेम नसल्याची खात्री करून, बेताचा माल घ्यावा. उन्हाळ्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो. सकाळी सहाला सुरू करून अकराला थांबणं बरं.

ग्रेव्हयार्ड पॉइंट ओरेगन-आयडाहोच्या सीमेवर, होमडेल गावाच्या नैऋत्येला आहे. प्लूम पाहायचा असेल तर ही जागा चुकवू नये. पण इथला प्लूम थंडरएगमध्ये नाही, खडकाच्या भेगांत भरलेल्या अकीकाच्या पट्ट्यांत असतो. रीजन्सी रोझ हा गुलाबी छटेचा प्लूम इथलाच. टापूवर क्लेम भरपूर आहेत, म्हणून नोंदी तपासूनच पाय टाकावा. पट्टीचा तुकडा उचलला तर त्याच्या दोन समांतर बाजू म्हणजे भेगेच्या भिंती. प्लूम बहुधा त्या भिंतींपासून मध्याकडे वाढतो, म्हणून काप भिंतींना काटकोनात घ्यायचा. इथे बाणाची गरज नाही, दगडाचा आकारच दिशा सांगतो.

परतल्यावर : करवत

गोळ्याच्या आकाराप्रमाणे करवत निवडावी. १० इंची हिऱ्याच्या पात्याने जेमतेम ३ इंच खोल काप जातो. नारळाएवढ्या गोळ्याला त्याहून बऱ्याच मोठ्या पात्याची स्लॅब करवत लागते. ती घरी नसेल तर रॉक क्लबच्या कार्यशाळेत किंवा कापून देणाऱ्या दुकानात जावं, पण बाण आणि कापाची रेघ स्वतः काढून द्यावी. नाहीतर ते सरळ मधून कापतात.

सगळ्यांत अवघड काम म्हणजे गोल दगड शिकंज्यात धरणं. काप अर्ध्यावर असताना गोळा तसूभर फिरला तरी पातं वाकतं, आणि बशीसारखं झालेलं पातं दुरुस्त होत नाही. लाकडी पाचरी दोन्ही बाजूंनी ठोकाव्यात. तरीही डळमळत असेल तर दुधाच्या रिकाम्या खोक्यात गोळा हव्या त्या कोनात ठेवून भोवती प्लास्टर ऑफ पॅरिस ओतावं. एक दिवस वाळलं की चौकोनी ठोकळा पक्का धरता येतो. ओतण्याआधी बाणाची दिशा खोक्यावर लिहायची, कारण गोळा आत दिसेनासा होतो.

पहिला काप मधून घेऊ नये. कडेचा पातळ तुकडा काढून खिडकी करावी, करवतीचं तेल पुसून, पाणी लावून प्रकाशात आत बघावं. प्लूमचे देठ कुठे जातात ते दिसलं की पुढचा काप त्यांच्या समांतर ठरवावा. फीड, म्हणजे दगड पात्याकडे सरकण्याचा वेग, हळू ठेवावी. करवतीचा आवाज बदलला तर पातं गुळगुळीत झालं आहे. जुन्या विटेचा तुकडा दोनतीनदा कापला की हिरे पुन्हा उघडे पडतात.

घासणी सपाट लॅपवर (घासायच्या तबकडीवर) सिलिकॉन कार्बाइडच्या पुडीने, जाडीकडून बारीककडे : ८०, २२०, ४००, ६००, १०००. प्रत्येक टप्प्यानंतर दगड, हात आणि टेबल धुवायचं. ८० चा एक कण ६०० च्या पॅनमध्ये गेला तर रेघा पडतात आणि तीन टप्पे मागे जावं लागतं. कवचाचा रायोलाइट अकीकपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो, तो खोल झिजतो आणि त्याच्या भोकांत ग्रिट (घासायच्या पुडीचे कण) लपतं. त्यासाठी दर टप्प्याला टूथब्रशने कवच घासावं. शेवटी ओल्या फेल्टवर (नमद्यावर) सीरियम ऑक्साइडच्या पुडीने पॉलिश. चमक येत नसेल तर दोष बहुधा पॉलिशचा नसतो, २२० च्या रेघा पुरत्या गेलेल्या नसतात. भिंगाखाली पाहून तिथूनच पुन्हा सुरू करावं.

कापणं आणि घासणं दोन्ही ओलंच व्हायला हवं. अकीकाची कोरडी धूळ म्हणजे फुप्फुसात शिरणारी सिलिका. गुजरातमध्ये खंभातच्या अकीक कारागिरांत सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगाने घरंच्या घरं उद्ध्वस्त झाली आहेत, आणि तिथेही कारण हीच कोरडी घासणी. हौसेखातर काम करणाऱ्याने "पाचच मिनिटं" म्हणून कोरडा ग्राइंडर लावू नये. करवतीखालचा गाळ सिंकमध्ये ओतायचा नाही. पाइपात बसला की सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत निवळू द्यावा, वरचं तेल गाळून परत वापरावं, आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून, तेलकट कचऱ्याचा स्थानिक नियम असेल त्याप्रमाणे टाकावा.